अंगठा उठवण्यापूर्वी



ऊसतोडणी सुरू झाली की आपल्या रस्त्यांचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, अंधारातच कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या, दुधाचे कॅन लटकावून डेअरी गाठणारी मोटारसायकल आणि या साऱ्यांतून वाट काढणारे भरधाव ट्रक. अपघात कुणाच्या दारी येईल ते सांगता येत नाही. ज्या घरावर तो येतो, त्या घरातली माणसे अजून सावरलेलीही नसतात तोच त्यांच्यापुढे दोन कागद येतात. पहिला कागद रुग्णालयाच्या बिलाचा. दुसरा विमा कंपनीचा. त्यावर भरपाईचा आकडा असतो आणि खाली सहीला किंवा अंगठ्याला जागा सोडलेली असते.

पहिल्या कागदापायी जमीन गहाण पडते आणि दुसऱ्यापायी हक्काचे पैसे हातचे जातात. म्हणून या दोन्ही कागदांबद्दल आज सविस्तर बोलू. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने हे सर्वांना वाचून दाखवावे.

पहिला तास

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यात मुद्दाम वेगळे स्थान दिले आहे, कारण या तासात उपचार मिळाला तर जीव वाचण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. '१०८'वर रुग्णवाहिका बोलवा, '११२'वर पोलिसांना कळवा.

'ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही' असे कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच, परमानंद कटारा यांच्या अर्जावर निकाल देताना हे स्पष्ट केले आहे. आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे मागाहून. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ हेच सांगते.

पुष्कळ लोक जखमीला उचलायला धजत नाहीत. 'उगाच साक्षीच्या फेऱ्या लागतील' ही भीती असते. आता तसे भय बाळगण्याचे कारण नाही. २०१९ साली कायद्यात कलम १३४-अ घातले गेले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी बालंट येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. उलट, गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या 'राहवीर' योजनेतून २५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले आहे. तेव्हा रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर गाडी थांबवा.

रुग्णालयाचे बिल

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची एक योजना लागू झाली आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला, तर नेमून दिलेल्या रुग्णालयात जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत पैसे न भरता उपचार मिळावेत अशी ही योजना आहे. जखमी श्रीमंत की गरीब, चूक त्याची की दुसऱ्याची, हे येथे पाहायचे नाही. रुग्णालयाने आपले पैसे सरकारने ठरवलेल्या दराने योजनेच्या निधीतून घ्यायचे आहेत.

या योजनेचे यश दोन गोष्टींवर आहे. एक, रुग्णालय नेमलेल्या यादीतले हवे. जवळचे रुग्णालय यादीत नसेल तर तेथे जखमीची प्रकृती स्थिर करण्यापुरताच उपचार या योजनेतून होतो आणि मग यादीतल्या रुग्णालयात हलवावे लागते. म्हणून दाराशीच विचारा, 'रस्ता अपघाताच्या योजनेत तुमचे नाव आहे का?' दुसरी गोष्ट पोलीस नोंद. हा रस्ता अपघातच आहे असे पोलिसांनी कळवावे लागते. 'केस नको, आपसात मिटवू' म्हणणारे शहाणे प्रत्येक गावात भेटतात. त्यांचे ऐकलेत तर उपचाराचे दार बंद होते आणि पुढे भरपाईचेही.

आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही ध्यानात ठेवा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिच्यातील रस्ता अपघातांच्या उपचाराची मर्यादा ३०,००० रुपयांवरून १ लाख रुपये केली आहे.

योजनेच्या मर्यादेवरचा खर्च मात्र आपला आपल्याला करावा लागतो. तेथे तीन सूचना. खाजगी रुग्णालयाने आपल्या दरांचा फलक लोकांना दिसेल असा लावला पाहिजे, असा नियम राज्य शासनाने जानेवारी २०२१ मध्ये केला आहे. तो फलक वाचा. बिल एकठोक न घेता बाबवार मागा. खाटेचे किती, शस्त्रक्रियेचे किती, औषधांचे किती. आणि बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. थकलेली रक्कम हे देणे आहे. ते वसूल करायला रुग्णालयाला कोर्टाची वाट मोकळी आहे. अडवणूक झाली तर पोलिसांना बोलवा.

औषधाची प्रत्येक पावती, गाडीभाड्याची चिठ्ठी, एक्स-रे, सारे एका पिशवीत घाला आणि ती पिशवी खुंटीला टांगा. तिची किंमत पुढे कळेल.

चूक न विचारता भरपाई

आता दुसऱ्या कागदाकडे वळू.

पूर्वी अपघाताची भरपाई हवी तर समोरच्या ड्रायव्हरची चूक सिद्ध करावी लागे. रात्रीचा अपघात, साक्षीदार नाही, गेलेला माणूस सांगायला येत नाही. मग विधवेने चूक कशी सिद्ध करायची? हा अन्याय ओळखून १९८२ साली कायद्यात नवी तरतूद आली. चूक कुणाची ते न विचारता ठराविक रक्कम द्यायची. तेव्हा ती मृत्यूला १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये होती. १९८८ च्या कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले. १९९४ साली ते ५०,००० आणि २५,००० झाले.

त्या जुन्या तरतुदीची एक खूण गावोगावच्या जाणत्यांच्या मनात पक्की बसली आहे. ती रक्कम हाताशी येई आणि मोठा दावा तसाच पुढे चालू राही. शेवटच्या निकालात आधी मिळालेले पैसे वळते करून घेत, इतकेच. म्हणून आजही कुणी सांगतो, 'वहिनी, हे आत्ता घ्या, पुढचा दावा आहेच की.'

वाचकहो, हे आता खरे राहिलेले नाही. २०१९ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२२ पासून नवी कलमे लागू झाली. नव्या कलम १६४ प्रमाणे चूक न विचारता मृत्यूला ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे हीसुद्धा गंभीर दुखापतच होय. रक्कम पूर्वीपेक्षा मोठी आहे, यात शंका नाही. पण कलम १६६ मध्ये एक ओळ घातली आहे. ठरलेल्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम ज्याने स्वीकारली, त्याचा न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. पहिली रक्कम हीच शेवटची.

म्हणजे आता दोन वाटा आहेत, आणि दोहोंवरून एकदम चालता येत नाही.

दोन वाटा

एक वाट कलम १६४ ची. रक्कम ठरलेली, चूक कुणाची हा वाद नाही. उत्पन्न किती, वय किती, औषधाला किती लागले, हेही विचारले जात नाही.

दुसरी वाट कलम १६६ ची. येथे समोरच्याची चूक दाखवावी लागते. वेळ लागतो. पण भरपाई घरच्या खऱ्या नुकसानीवर ठरते. तिचे गणित सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी आखून दिले आहे. ते एकदा करून पाहू.

समजा, ३२ वर्षांचा एक शेतकरी ट्रकच्या धडकेत गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. त्याची कमाई महिना १२,००० रुपये धरली. वर्षाचे १,४४,००० झाले. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती याबद्दल ४० टक्के मिळवायचे, झाले २,०१,६००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करायचा, कारण मागे खाणारी चार तोंडे आहेत, उरले १,५१,२००. या वयाला १६ ने गुणायचे. उत्तर येते २४,१९,२०० रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या रकमा निराळ्या.

एकीकडे ५ लाख, दुसरीकडे २४ लाख. घाईघाईने उठवलेल्या एका अंगठ्याची ही किंमत आहे.

मग कलम १६४ कधीच घेऊ नये का? तसेही नाही. पंचनाम्यावरून चूक आपल्याच माणसाची दिसत असेल, तर कलम १६६ मध्ये हाती काहीच न येण्याचा धोका आहे. तेथे कलम १६४ चे ५ लाख हाच मोठा आधार. दोघांची सारखी चूक ठरली तर वरच्या उदाहरणातील रक्कम निम्मी, म्हणजे सुमारे १२ लाख होते. ती अजूनही ५ लाखांहून जास्तच आहे. आणि माणूस पन्नाशी-साठीचा असेल, मिळकत थोडी असेल, मागे कुणी अवलंबून नसेल, तर दोन्ही आकडे जवळजवळ येऊन बसतात. म्हणून आधी गणित, मग निवड.

जखमीच्या बाबतीत खुंटीवरच्या पिशवीचा उपयोग आता दिसेल. मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, सहा लाख रुपये गेले आणि वर्षभर शेत पडीक राहिले. कलम १६४ मधून अडीच लाखच मिळतील. कलम १६६ मध्ये पावत्यांप्रमाणे औषधपाणी, बुडालेली कमाई, राहिलेले अपंगत्व आणि पुढच्या उपचारांचा खर्च, सारे मागता येते. घरात आरोग्य विमा असेल आणि त्यातून काही बिल भागले असेल, तरी ते या भरपाईतून कापायचे नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २८ मार्च २०२५ रोजी दिला आहे. मात्र पावतीशिवाय सांगितलेल्या खर्चाला न्यायालयात वजन मिळत नाही.

जमीन राहिली, माणूस गेला

शेतकऱ्याच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील एक मुद्दा हमखास काढतो. 'जमीन वारसांकडेच आहे, उत्पन्न बुडाले कुठे?' सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालच्या एका निकालात हा मुद्दा विचारात घेतला आहे. जमीन राहते, तेव्हा नुकसान मोजायचे ते तिची मशागत आणि देखरेख करणाऱ्या माणसाचे. मग नुसता सातबारा दाखवून काम भागत नाही. तो माणूस काय काय करत होता हे दाखवावे लागते. दूध डेअरीची पुस्तिका, कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीच्या पट्ट्या, दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर चालवल्याच्या नोंदी, बँकेचे पासबुक. आणि तो गेल्यावर गडी ठेवावा लागला, तर त्याला किती दिले याची वहीसुद्धा.

घरातील बाई अपघातात गेली तर 'ती कुठे कमवत होती?' असे म्हणणारेही निघतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१, २०१० आणि २०२१ च्या निकालांतून गृहिणीच्या कामाला पैशातले मोल आहे हे मान्य केले आहे. पहाटे उठून धारा काढणारी, सर्वांना भाकरी देऊन खुरपायला जाणारी बाई बिनकमाईची कशी? तिचा दावा जरूर करा, आणि गुरांचे व शेतातले तिचे काम त्यात लिहा.

कुठे पैसे मिळत नाहीत

'चूक न विचारता' म्हणजे कुणालाही, कसेही, असा अर्थ नव्हे. आपली मोटारसायकल आपणच चालवत होतो, दुसरे वाहन नव्हते, आणि घसरून पडलो, तर आपल्याच विमा कंपनीकडे कलम १६४ चे पैसे मागता येत नाहीत, कारण मालक हा स्वतःचा 'तिऱ्हाईत' नसतो. भावाची किंवा शेजाऱ्याची गाडी मागून नेली तरी तोच न्याय. २०२० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडी मागून नेणाऱ्याला मालकाच्या जागी धरले आहे. यावर उपाय म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. विमा उतरवताना एजंटाला विचारा, हा त्यात घातला आहे का. गाडी आणि परवाना दोन्ही एकाच माणसाच्या नावावर असले म्हणजे तंटा राहत नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड किंवा जत्रेची माणसे बसवू नका. शेतीसाठी काढलेल्या विम्यात अशा प्रवाशांना सहसा संरक्षण नसते. ट्रॉली उलटली तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येतो. हप्ता चुकवलेल्या वाहनाचेही तसेच. विमा नसेल तर भरपाई मालकाने द्यायची, आणि वर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

वाहन पळून गेले तर

धडक देऊन वाहन निसटले, नंबर कुणी पाहिला नाही, तरी हातपाय गाळू नका. कलम १६१ प्रमाणे अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. यासाठी वकील लागत नाही. अपघात जेथे घडला तेथील तहसीलदार किंवा प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सोबत पोलिसांतील फिर्यादीची प्रत, शवविच्छेदनाचा किंवा जखमांचा अहवाल, ओळखपत्रे आणि बँक पासबुकाची प्रत द्यावी. चौकशी अधिकाऱ्याने एक महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचा असतो.

याशिवाय शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना ती लागू आहे. मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. मोटारच्या अपघाताशिवाय वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का हेही तीत येते. दहाव्या-तेराव्याच्या धांदलीत हे ३० दिवस भुर्रकन जातात, म्हणून एका नातेवाइकाने हेच काम अंगावर घ्यावे.

आता करावे काय

फिर्याद देणाऱ्याला फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याची चौकशी करत राहा. पंचनाम्याची नक्कल मिळवा आणि ती वाचा, कारण चूक कुणाची हे तेथेच लिहिलेले असते. कलम १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करा असे कायदा सांगतो; सुगी आटोपल्यावर पाहू, असे म्हणू नका. दावा अपघाताच्या जिल्ह्यातच केला पाहिजे असे नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.

विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला तर त्याच्याशी भांडू नका. त्याला पाणी द्या, कागद ठेवून घ्या आणि सांगा, 'वाचून कळवतो.' कागदावर कलम १६४ चा उल्लेख आहे का, ते पाहा. मग तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तेथे वकील मोफत मिळतो. रुग्णालयाच्या फाटकाशी उभे राहून 'मी पैसे काढून देतो, निम्मे माझे' म्हणणाऱ्या दलालाची गरजच नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. भरपाईच्या कागदावर बहुधा विधवेचा अंगठा घेतला जातो, पण ठरवणारे दीर, सासरे किंवा भाऊ असतात. तिला समोर बसवा. ५ लाखांचा कागद कोणता, २४ लाखांचा कोणता, एकात वेळ किती आणि दुसऱ्यात धोका काय, हे तिला समजेल अशा भाषेत सांगा. पुढची वीस वर्षे त्या पैशांवर मुले तिलाच वाढवायची आहेत. तेव्हा कोणता कागद घ्यायचा हे तिला ठरवू द्या, आणि पैसे तिच्याच खात्यावर जमा होऊ द्या.